ऐकू येतंय, पण पोचत नाही

माझ्या दूरच्या दोघांनो,

गेल्या रविवारी फोनवर मोठा थोडं बोलून खेळायला गेला. धाकटे, तू गादीवर उलटी पडली होतीस, पाय भिंतीला टेकवलेले. तसंच डोकं खाली ठेवून तू विचारलंस, "आजी, आमच्या टीचरने घरी कागद पाठवलेत. माझ्यात काय बिघडलंय ते बघणार आहेत. ते कसं बघतात गं?" मी तोंड उघडलं आणि पडद्यावरचं चित्र थांबलं. तुझे पाय भिंतीवर तसेच राहिले, आवाज गेला. मी बराच वेळ "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?" म्हणत राहिले. नंतर तुमच्या आईचा मेसेज आला: उशीर झालाय, पुढच्या रविवारी बोलू.

तुझा प्रश्न आठवडाभर तसाच ठेवणं मला बरं वाटलं नाही, म्हणून लिहिते आहे. ते कसं बघतात हे मला माहीत आहे. एका मुलीच्या बाबतीत ते सगळं मी शेजारी बसून पाहिलं आहे. मराठी वाचायला जड गेलं तर आईला वाचून दाखवायला सांगा. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला अवघड नाही. पण ही गोष्ट एका मराठी शब्दावर अडली आणि त्याच शब्दावरून सुटली. इंग्रजीत त्या एका शब्दाचे तीन वेगळे शब्द होतात, आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही.

साताऱ्याच्या आपल्या घराचा खालचा मजला तुम्हाला आठवत असेल. तुमचे आजोबा गेल्यावर मी तो भाड्याने दिला. भाड्यापेक्षा मला खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला हव्या होत्या. राहायला एक आई आणि तिची मुलगी आल्या. आई एसटीत कंडक्टर. वडील फौजेत, कुठल्यातरी सरहद्दीवर, ती कुठली हे त्यांना सांगता येत नसे. त्यांचं गाव माण तालुक्याच्या कोरड्या भागातलं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेतीही. मुलगी तिसरीत होती.

आईची ड्युटी कधी पहाटेची, कधी दुपारची. त्यामुळे शाळा सुटली की मुलगी माझ्याकडे वर येई. वर येई म्हणजे निघत असे. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून वाट बघायची. ती मधल्या पायरीवर थांबलेली असे, कठड्याच्या जाळीतून भिंतीवर पडलेल्या उन्हाचे चौकोन बोटाने मोजत. मी हाक मारली तरी वर बघायची नाही. पुन्हा मारली की दचकायची आणि गोड हसायची. "आज्जी, तुमी कवा आलात?" जणू मीच जिना चढून आले होते.

ती दंगेखोर अजिबात नव्हती. मस्ती नाही, उलट उत्तर नाही. कोथिंबीर आणायला पाठवलं तर कोपऱ्यावरून रिकाम्या हाताने परत यायची आणि विचारायची, "काय आणायला सांगितलं होतं?" गणित करायला बसली तर पहिलं उदाहरण मोत्यासारखं, दुसरं अर्धं, आणि तिसऱ्याच्या जागी रबर घासून घासून कागदाला पडलेलं भोक. आईने गाडी सोडायची डबल बेल द्यावी तशी तोंडाने "टिंग टिंग" करावी आणि म्हणावं, "काकू, बगा हो. डबल दिली तरी गाडी स्टँडवरच!" मुलगीही हसायची. पण गाडी हलायची नाही.

दिवाळीच्या आधी शाळेतून बोलावणं आलं. आई ड्युटीवरून तशीच, खाकी कपड्यांतच गेली. बाईंनी सांगितलं, "तुमची मुलगी ऐकत नाही. कान तपासून घ्या." त्याच आठवड्यात गावाहून तिच्या आजोबांचा फोन आला. त्यांनी ठरवून टाकलं होतं: यंदा फरक पडला नाही तर पोरीला गावाकडे आणायचं. "शाळंत बसून भिंतच बगायची असंल, तर हितं काय भिंती कमी हाईत?" आईने फोन ठेवला आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"काकू, माझी नोकरी हितं, तिचे बाबा तिकडं. ती तिकडं गेली तर आमी तिघं तीन गावाला. आन्‌ तिथं एकदा गेली की शाळा बंदच. मला ठाव हाय."

मी चहा ठेवला.

कानांच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. तिथे काचेची खिडकी असलेली एक लहानशी खोली होती. तिला आत बसवून कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आवाजालाही ती दाबत होती आणि दर वेळी काचेतून आमच्याकडे बघून हसत होती. डॉक्टर म्हणाले, "हिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मंग ऐकत का न्हाई?"

"ते कानाचं काम नाही, ताई." त्यांनी डोळे तपासून घ्यायला आणि रक्त तपासायला सांगितलं. दोन्ही ठीक निघालं. मग सांगलीच्या एका डॉक्टरबाईंकडे जायला सांगितलं. त्या लहान मुलांचं लक्ष, वाढ, अभ्यास हेच बघतात. आईची बहीण सांगलीतच राहत होती, त्यामुळे जाणं सोपं होतं. आई मला म्हणाली, "काकू, तुमीबी चला. तिथं इंग्लिश बोलले तर मी काय करू?"

आम्ही तिच्या सुट्टीच्या दिवशी निघालो. स्वतः प्रवासी असूनही दर थांब्याला तिचा हात घंटीच्या दोरीकडे जाई. मलकापूरला पुलाच्या कामामुळे गाडी रांगेत अडकली, तेव्हा ती उठून पुढे गेली आणि ड्रायव्हरशी वाद घालून आली. मुलगी खिडकीशी होती. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत तिने उसाच्या ट्रॉल्यांवर बसलेली माणसं मोजली असतील, किंवा काहीच मोजलं नसेल. मी तिच्याशी दोनदा बोलले. दोन्ही वेळा ते खिडकीबाहेर गेलं.

धाकटे, आता तुझं उत्तर. तिथे सुई नव्हती, यंत्र नव्हतं. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं की हे कुठल्या फोटोत किंवा रक्तात दिसत नाही. विचारून आणि बघूनच कळतं. त्यांनी तिच्याशी गप्पा मारल्या, चित्रं दाखवली, थोडं वाचायला दिलं, उलटे आकडे म्हणायला लावले. शाळेच्या बाईंनी एक कागद भरून दिला होता. तसाच कागद आईला भरायला दिला. एका बाजूला प्रश्न मराठीत, मागच्या बाजूला तेच इंग्रजीत. प्रत्येक प्रश्नापुढे कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. मी लांब बसले. दुसऱ्याच्या कागदात डोकावायची मला सवय नाही. आई मात्र भराभर खुणा करत गेली, गाडीत गर्दी असताना तिकिटं द्यावीत तशी.

डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघितले.

"शाळेच्या कागदावर पुष्कळ दिसतंय. घरच्या कागदावर जवळजवळ काहीच नाही. लक्षाचीच अडचण असेल तर ती दोन्ही ठिकाणी दिसायला हवी. नुसतं शाळेत असेल तर कारण दुसरं असू शकतं. घाई करायला नको. पंधरा दिवसांनी या, नवा कागद घेऊन जा, घरी बघून भरा."

येताना गाडीत आईचा हात एकदाही दोरीकडे गेला नाही. मला वाटलं, काही निघालं नाही म्हणून तिला बरं वाटत असेल. कऱ्हाड गेल्यावर ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "काय न्हाई म्हंजे मंग मुद्दाम करती, असंच म्हणत्याल सगळे. सासऱ्यांना बरं सापडलं."

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. खाली आईची गडबड चालली होती. "ए, दप्तर घे, डबा घे, चप्पल घाल, बाटली भरली का, चल चल!" मुलगी दारात एक चप्पल घालून उभी, दुसरी हातात. समोरच्या तारेवर एक पक्षी शेपूट वरखाली करत होता. आईने पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा काही नाही. मग आईनेच खाली बसून चप्पल घातली, डबा दप्तरात कोंबला.

मी वरून म्हणाले, "अगं, ही तर घरीसुद्धा ऐकत नाही."

आई एकदम वर बघून म्हणाली, "आवं काकू, असं नगा म्हणू. माझी पोर लय ऐकती. कवा उलट बोलली न्हाई, कवा हट्ट न्हाई. बसवलं तिथं बसती, दिलं ते खाती."

मी तांब्या तिथेच ठेवला.

संध्याकाळी ती कामावरून आल्यावर मी तिला वर बोलावलं आणि नवा कागद मागितला. प्रश्न छापला होता: 'थेट बोलल्यावरही ऐकत नाही.'

"याच्यापुढे तू सांगलीत काय खूण केली होतीस?"

"कधीच न्हाई. दुसरं काय करणार? माझी पोर ऐकत न्हाई असं मी माझ्या हातानं लिवू व्हय?"

मी कागद उलटा केला. इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा अर्थ असा, की समोर उभं राहून बोललं तरी तिचं मन दुसरीकडे आहे असं वाटतं का. उद्धटपणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आपल्याकडे मात्र 'ऐकत नाही' हा आरोप असतो. ऐकत नाही म्हणजे सांगितलेलं करत नाही, मोठ्यांना जुमानत नाही, वळण नाही. कुठली आई अशी खूण करील? शाळेच्या बाई 'ऐकत नाही' म्हणाल्या, तर आम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कागद 'ऐकत नाही' म्हणाला, तर आईने आपल्या मुलीची अब्रू राखली. मी हे तिला समजावून सांगितलं.

"मंग असं सरळ लिवायचं की! माझी पोर हितं नसतीच म्हणून. जेवताना घास हातात तसाच ऱ्हातो, तवा मी हलवती तिला."

"आणि हे? 'वस्तू हरवतात.' इथे काय केलंस?"

"तिथंबी न्हाईच. हरवंल कशी? बाटली मी दप्तराला सुतळीनं बांधती. कंपासपेटीला नाडी हाय. रुमाल पिनेनं फ्रॉकला. रबराला भोक पाडून दोरा ओवलाय, तो गळ्यात. हरवून दाखव म्हणावं!"

बोलता बोलता तिलाच हसू आलं. मग डोळे भरून आले. तिची मुलगी माझ्या पलंगावर पालथी पडून चादरीच्या रेघांवरून बोट फिरवत होती. आपल्याबद्दल चाललंय हे तिच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला सासरेही आले. "मी सवता डाक्टरशी बोलतो आन्‌ पोरीला घिऊन जातो," असं सांगूनच ते गावाहून निघाले होते. पांढरा पटका, हातात काठी. डॉक्टरबाईंनी या वेळी कागद बाजूला ठेवला आणि आईला सांगितलं, "कालचा दिवस सांगा. उठल्यापासून." आईने सांगितलं. सुतळी, पिना, गळ्यातला रबर, सगळं. मग डॉक्टरबाईंनी आजोबांना विचारलं, "हिचे वडील लहानपणी कसे होते?"

"कसा म्हंजे? त्योबी असाच, रानात हरिवल्यागत." म्हाताऱ्याने पटका सावरला. "मेंढरं राखाया धाडला की तिन्हीसांजंला मेंढरं घरी यायची, ह्यो न्हाई. मेंढरांना घर कळायचं, ह्याला न्हाई! मी कंदील घिऊन हुडकाया जायचो. तर ह्यो दगडावर बसलेला. इचारलं, का रं? तर म्हनं, कवा गेली मेंढरं?"

डॉक्टरबाई हसल्या. "आणि आता?"

"आता ब्येस हाय. पलटणीत बिगुल वाजतो. बिगुल झाला की उठ, बिगुल झाला की जेव. त्याला काय इसराया जागाच न्हाई."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं. मग त्या मुलीसमोर वाकून बसल्या, तिच्या मनगटावर हात ठेवला आणि ती बघेपर्यंत थांबल्या.

"आई हाक मारते तेव्हा तुला ऐकू येतं का?"

"येतं."

"मग काय होतं?"

मुलीने आधी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं. "ऐकू येतं. पण पोचत न्हाई."

"कुठे पोचत नाही?"

तिने आपल्या कपाळावर बोट ठेवलं. "हितं."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

मग डॉक्टरबाईंनी सांगितलं. याला एडीएचडी म्हणतात. सगळी मुलं उड्याच मारतात असं नाही. काहींचं फक्त लक्ष निसटतं, आणि अशी गप्प मुलं, त्यातून मुली, कुणाच्या ध्यानात येत नाहीत. ही लहानपणापासून अशी आहे, घरी आहे, शाळेत आहे, आणि त्यामुळे तिचं अडतंय, म्हणून त्याला नाव द्यायचं. हे कुणाच्या वाईट वळणामुळे होत नाही.

"म्हंजे येडी न्हाई ना माझी पोर?"

"नाही."

"आन्‌ मुद्दाम न्हाई ना करत?"

"नाही हो. मुद्दाम करायलाही लक्ष लागतं."

करायचं काय तेही त्यांनी सांगितलं. लांबून हाक मारायची नाही. जवळ जायचं, हात लावायचा, तिने बघितलं की एकच गोष्ट सांगायची आणि तिच्याकडून म्हणवून घ्यायची. वर्गात पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर. दर महिन्याला भेटायचं. औषधही असतं, त्याचा विचार पुढे करू.

बाहेर आल्यावर आजोबा काठीवर हनुवटी टेकवून बाकावर बसले. सून समोर उभी राहिली. शेवटी तेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे हिला तुझ्यापाशी. गावाकडं हिच्या अंगाला हात लावून कोण सांगाया बसलंय? आमी तिथं लांबूनच वरडतो." मग मुलीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "का गं, पोचलं का?"

"पोचलं," ती म्हणाली.

तो शब्द तेव्हापासून आमच्या घरात आला. खाली-वर सगळीकडे तोच चालू झाला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायची, म्हणायची, "कोथिंबीर. पोचलं?" ती डोळे मिटून म्हणायची, "कोथिंबीर. पोचलं." आणि बहुतेक वेळा कोथिंबीरच यायची. एकदा पुदिना आला. गणितं सगळी सुटायला लागली असं मी खोटं सांगणार नाही, पण कागदाला भोकं पडायची थांबली. शाळेच्या बाईंनाही आईने ते शिकवलं. त्या आधी हसल्या, मग त्यांनीही हात लावून सांगायला सुरुवात केली.

सगळ्या दिवसात मी कुणाला हात लावत असेन तर तो तेवढाच. हे मला तेव्हा कळलं नाही.

दर महिन्याला सांगलीला जायचं, तर आईच्या सुट्ट्या पुरेनात. तिची बहीण तिथे होती. बहिणीच्या घराजवळच्या शाळेत अशा मुलांना वेगळं बसवून शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आईने सांगली आगारात बदलीसाठी अर्ज केला. अर्ज करताना मला विचारायला आली. मी म्हणाले, "करायलाच हवा." ते खरंच होतं. अशा बदल्या सहसा लांबतात. ही मिळाली, पुढच्याच मे महिन्यात.

टेम्पोत सामान भरून झालं तेव्हा मुलगी मधल्या पायरीवर बसली होती. ऊन जाळीतून येत होतं. आईने खालून हाक मारली नाही. ती वर आली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "निघायचं. पोचलं का?" मुलीने माझ्याकडे बघितलं. या वेळी ती लगेच पोचलं म्हणाली नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. खालचा मजला मी पुन्हा दिलेला नाही. विचारायला येतात, मी बघू म्हणते. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला मी अजूनही जिन्याच्या तोंडाशी जाते, मग आलेच आहे तर दिवा लावून परत येते.

धाकटे, तुझ्यात काही बिघडलेलं नाही. तुझे कागद तुझे बाबा-आई भरतील तेव्हा त्यांना सांग, शब्द नीट वाचा. त्या लोकांनी तुला काही विचारलं तर जे होतं ते जसंच्या तसं सांग. तुझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. आणि माझ्याशी बोलताना पाय भिंतीवर असले तरी चालतील.

मला इतक्या लांबून तुमच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही, म्हणून हे लिहून पाठवलं.

ती मुलगी आता चौथीत आहे. शाळा सुटलेली नाही, आईही सुटलेली नाही. सांगलीहून अधूनमधून फोन येतो, कधी मध्येच तिचं लक्ष उडतं आणि फोन चालू ठेवून ती निघून जाते. मग मला पलीकडच्या घरातली भांडी ऐकू येतात. इथे माझ्या दारामागच्या खिळ्याला तिचा राहून गेलेला, दोरा ओवलेला रबर आहे, आणि 'पोचलं' हा शब्द आम्ही फोनवर अजून वापरतो.